खो मिळेपर्यंत बसून राहणे: खेळात मागे पडणाऱ्या मुलीच्या आईस उत्तर

घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाळेत सातवीत शिकणाऱ्या मुलीच्या आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत चार हाऊस आहेत आणि आंतर-हाऊस स्पर्धेत प्रत्येक मुलामुलीने एका तरी सांघिक खेळात उतरलेच पाहिजे, असा नियम आहे. मुलीला धावण्याची, चेंडू झेलण्याची कधीच गोडी नव्हती; म्हणून तिला खो-खोच्या संघात घातले. मागच्या वर्षी ती खो मिळण्याआधीच दोनदा उठली, संघ हरला आणि वर्गात तो विषय महिनाभर चालला. आता पी.टी.च्या तासाच्या दिवशी सकाळी तिचे पोट दुखते. वडिलांचे म्हणणे आहे की ओळखीच्या डॉक्टरांकडून दाखला आणून हा प्रश्न मिटवावा. आजीचे म्हणणे आहे की मुलीच्या जातीला हे धावणे हवेच कशाला. आईला दोन्ही पटत नाही. परंतु मुलीला रोज रडताना पाहवतही नाही.

मी ठाण्यातील शाळांमध्ये २८ वर्षे क्रीडाशिक्षिका होते आणि त्यातील बहुतेक वर्षे मुलींच्या खो-खो व लंगडीच्या संघांबरोबर गेली. जिल्हा स्पर्धेत चमकलेल्या मुलींपेक्षा आपल्या मुलीसारख्या मुलींविषयी मला अधिक सांगता येईल, कारण प्रत्येक वर्गात त्या संख्येने अधिक असतात आणि त्यांच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. माझे उत्तर आधीच सांगते: दाखला आणू नका. मात्र तिला आहे तशी मैदानात ढकलूही नका. स्पर्धेला सहा आठवडे जरी हाती असले, तरी तिला शिकवता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बरेचसे घरी शिकवता येते.

खोट्या दाखल्याविषयी माझे मत कडक आहे, ते अनुभवाने झाले आहे. असे दाखले मी दरवर्षी स्वीकारले आहेत, कारण डॉक्टरांच्या सहीपुढे शिक्षकाला काही बोलता येत नाही. दाखला मिळालेली मुलगी पायऱ्यांवर बसते, इतरांच्या पाण्याच्या बाटल्या आणि चष्मे सांभाळते आणि तासभर आपल्याला जे जमत नाही ते दुसऱ्यांना जमताना पाहत राहते. पुढच्या वर्षी इतर मुली एक वर्षाने पुढे गेलेल्या असतात, ही जिथल्या तिथे असते आणि मग दाखल्याची गरज अधिकच वाढते. खरा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दाखला हा मुलीचा हक्क आहे आणि कोणत्याही शिक्षकाने त्यावर नाक मुरडू नये.

म्हणून पहिले काम खरे काही आहे का, हे पाहण्याचे. तिची दृष्टी तपासून घ्या. समोरून येणारी वस्तू नेमकी किती लांब आहे याचा अंदाज न येणाऱ्या कित्येक मुली माझ्याकडे ‘आळशी’ म्हणून आल्या आणि चष्मा लागल्यावर झेल घेऊ लागल्या. या वयातील मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते आणि हिमोग्लोबिनची तपासणी साधी आहे. धावल्यावर दम लागण्याबरोबर खोकला किंवा छातीत शिट्टी वाजत असेल तर बालरोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा, कारण श्रमाने उद्भवणारा दमा औषधाने आवाक्यात राहतो. बुटाची नाडी बांधणे, शर्टाची बटणे लावणे, सायकल चालवणे, वहीत ओळीत लिहिणे हे सगळेच तिला समवयस्कांपेक्षा पुष्कळ उशिरा आणि कष्टाने जमले असेल, तर तेही सांगा. शरीराच्या हालचालींचा मेळ बसवण्यातच अडचण असणारी मुले शाळकरी वयात शंभरात साधारण पाच-सहा असतात. त्यांना रागावून काही साधत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नियमित सराव केल्याने साधते. रविवारीही पोट दुखत असेल तर पोटासाठी डॉक्टरांकडे जा, केवळ पी.टी.च्याच दिवशी दुखत असेल तरीही ते दुखणे खोटे समजू नका. भीतीने पोट खरोखरच दुखते.

आणखी एक गोष्ट आपण कदाचित संकोचाने लिहिली नसेल. बहुतेक शाळांत पी.टी.च्या दिवशी पांढरा गणवेश असतो. बारा वर्षांच्या मुलीला पाळी सुरू झालेली असेल किंवा सुरू होण्याची धास्ती असेल, तर पांढरी पँट घालून जमिनीवर उकिडवे बसणे आणि ताडकन उठणे तिला का नको वाटते, हे निराळे सांगायला नको. मला स्वतःला हे लक्षात यायला नोकरीतील सात वर्षे लागली. एका मुलीच्या आईने येऊन सांगितले, तेव्हा कुठे मी मुलींसाठी गडद निळ्या ट्रॅक पँटची परवानगी मागितली आणि त्या वर्षी पायऱ्यांवर बसणाऱ्या मुलींची संख्या जितकी घटली तितकी माझ्या कुठल्याही भाषणाने कधी घटली नव्हती. मुलीला एकांतात विचारा आणि तसे असेल तर शाळेला दोन ओळींचे पत्र लिहा.

हे सर्व ठीक असेल, तर उरते ते एवढेच की तिला खेळ शिकवलेला नाही. हे मी माझ्या व्यवसायातील लोकांना दोष देण्यासाठी म्हणत नाही, हिशेब म्हणून म्हणते. माझ्या तासाला पंचावन्न मुले असत. पस्तीस मिनिटांतील दहा मिनिटे रांगा, हजेरी आणि मैदानावर पोहोचण्यात जात. उरलेल्या वेळात ज्यांना येते ती मुले खेळत आणि ज्यांना येत नाही ती कडेला उभी राहत. खो-खोचे नियमाप्रमाणे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते; ठाण्यातील कित्येक शाळांना तेवढी मोकळी जागाच नसते आणि पावसाळ्याचे चार महिने जी असते तीही हातची जाते. ज्या मुलांना खेळ ‘आपोआप’ येतो ती बहुधा घराशेजारी, चाळीच्या अंगणात, मोठ्या भावंडांमागे धावून शिकून आलेली असतात. बाविसाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलीला ते अंगण मिळालेले नाही. त्यात सातवीतील मुली वाढीच्या ऐन वेगात असतात: हातपाय महिन्यामहिन्याला लांब होतात आणि काल जमलेला तोल आज चुकतो. एकाच वर्गात जवळजवळ वर्षाचे अंतर असलेल्या मुली असतात, ही बाब वेगळीच. बाराव्या वर्षी मागे असलेली मुलगी ‘खेळाडू वृत्तीची नाही’ असे ठरवण्यास मी कधीही धजावणार नाही.

आता मागच्या वर्षीच्या चुकीकडे येते, कारण सगळी भीती त्या चुकीशी बांधलेली आहे. खो मिळण्याआधी उठणे हा फाउल आहे आणि तो महाग पडतो. पंचांची शिट्टी वाजली की पाठलाग करणारीला उलट दिशेने जावे लागते, पुढे पळणारी मुलगी तेवढ्यात निसटते आणि हाताशी आलेला गडी जातो. म्हणून सगळ्यांचे लक्ष त्या उठलेल्या मुलीकडे वळते. परंतु ही चूक आळसाने होत नाही, ती अतिकाळजीने होते. घाबरलेली मुलगी मान वळवून पाठलाग करणारीकडे पाहत बसते, ‘आता आपलाच नंबर’ असे तिला प्रत्येक क्षणी वाटते, त्यात कडेने शंभर मुले ‘खो दे, खो दे’ ओरडत असतात आणि तो शब्द कानावर पडताच ती उठते. तिला उठायला नव्हे, बसून राहायला शिकवायचे आहे.

त्यासाठी तिला प्रथम खेळाची रचना समजावून द्या. मैदानाच्या मधोमध आखलेल्या मध्यपाटीवर दोन खांबांमध्ये आठ चौकोन असतात, त्यांत आठजणी बसतात आणि प्रत्येकीचे तोंड शेजारणीच्या उलट बाजूला असते. नववी पाठलाग करते. खो हा नेहमी पाठीमागूनच द्यावा लागतो. याचा अर्थ असा, की पाठलाग करणारी मुलगी आपल्या डोळ्यांसमोरच्या बाजूने धावत असेल तोपर्यंत आपल्याला खो मिळूच शकत नाही. तेवढा वेळ निवांत श्वास घ्यायचा. ती आपल्या पाठीमागच्या बाजूला गेली आणि पळणारी आपल्या समोर आली, तरच आपली वेळ जवळ आली असे समजायचे. सामन्यातील जवळजवळ अर्धा वेळ आपल्यावर कसलीही जबाबदारी नसते, हे कळताच मुलींचे खांदे खाली येताना मी अनेकदा पाहिले आहे. मान वळवून पाठलाग करणारीला पाहण्याची गरजच नाही. पळणारीकडे पाहायचे, ती डावीकडे आहे की उजवीकडे एवढेच लक्षात ठेवायचे आणि पाठीला हात लागण्याची वाट पाहायची.

घरच्या सरावासाठी इमारतीचा पोडियम किंवा वाहनतळाचा मोकळा कोपरा पुरे आहे. खडूने साधारण फूटभराचा चौकोन आखा आणि मुलीला त्यात बसवा. दोन्ही पावले शेजारी शेजारी, टाचा किंचित उचललेल्या, हातांची बोटे पुढे जमिनीला टेकलेली. (काही प्रशिक्षक एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून बसायला शिकवतात, त्याला बुलेट पद्धत म्हणतात. तिच्यात झेप जोरात बसते, परंतु नवख्या मुलीला दोन्ही दिशांना सहज निघता यावे म्हणून समांतर पावलेच बरी.) आपण तिच्या मागे उभ्या राहा. कधी नुसते ‘खो’ म्हणा आणि हात लावू नका, तिने उठायचे नाही. कधी नुसता हात लावा आणि बोलू नका, तरीही तिने उठायचे नाही. हात आणि शब्द दोन्ही एकदम आले तरच उठायचे. सुरुवातीला ती दहांपैकी सहा वेळा फसेल. घरी फसण्यात कोणाचा गडी जात नाही, म्हणून तिथेच फसू द्या. हसू नका, फक्त पुन्हा बसवा. रोज दहा मिनिटे, आठवड्यातून चार दिवस एवढे केले, तर तीन आठवड्यांत ही चूक जवळजवळ नाहीशी होते. माझ्या हाताखालच्या मुलींबाबत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की मला त्याविषयी शंका उरलेली नाही. त्यात पुढे गोंधळ मिसळा. धाकट्या भावाला शेजारी उभे करून ‘खो, खो’ ओरडायला सांगा. त्याला ते काम आवडेल आणि तिला मैदानातील आवाजाची सवय होईल.

उठल्यावरची पहिली दोन पावले हा दुसरा धडा. उजवीकडे जायचे तर उजवा पाय आधी टाकायचा, डावीकडे जायचे तर डावा. हे लिहिताना क्षुल्लक वाटते, परंतु न शिकलेली मुलगी हमखास उलटा पाय टाकते, स्वतःच्याच पायात अडखळते आणि लोक म्हणतात की हिला धावता येत नाही. तिसरा धडा खो देण्याचा. हळू धावणाऱ्या मुलीने गडी बाद करण्याची जबाबदारी घेऊ नये. तिने उठावे, योग्य दिशेने चार-पाच पावले जावे आणि पाठ करून बसलेल्या पुढच्या वेगवान मुलीला स्वच्छ खो द्यावा. चौकोन ओलांडून गेल्यावर हात मागे नेऊन दिलेला खो फाउल ठरतो, म्हणून चौकोनाच्या थोडे आधीच हात पुढे काढायची सवय लावा. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओळीने मांडूनही हे करता येते. ज्या संघाचे खो स्वच्छ असतात तो संघ, त्यात दोन-तीन मुली मंद असल्या तरी, जिंकतो. मी सराईत मुलींना खांबाजवळच्या चौकोनांत बसवत असे, कारण खांबाला वळसा घालून दिशा बदलण्याचे कसब तिथे लागते, आणि नवख्या मुलींना मधल्या चौकोनांत, जिथे दोन्ही बाजूंना अनुभवी शेजारणी असतात.

संरक्षणाच्या, म्हणजे पळण्याच्या, पाळीची भीती त्याहून मोठी असते, कारण तिथे एकटीला पळायचे असते. इथे मला खो-खोचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. पाठलाग करणारीला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एक दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र दोन चौकोनांमधून हवे तेव्हा इकडून तिकडे जाता येते. केवळ वेगाचा प्रश्न असता तर हळू मुलगी पाच सेकंदांत बाद झाली असती. नियमच तिच्या बाजूने आहेत. तिला सरळ रेषेत पळू देऊ नका, एकेरी साखळी शिकवा: बसलेल्या मुलींमधून नागमोडी, एकीला मध्यपाटीच्या या बाजूने आणि पुढचीला त्या बाजूने ओलांडत. सहा-आठ बाटल्या एका ओळीत ठेवून आधी चालत, मग भराभर चालत आणि शेवटी हलके धावत. चालतानाच वळणे अंगवळणी पडली की पुढे वेग आपोआप येतो. वेग आधी आणि वळणे नंतर असे केले तर घसरून गुडघे फुटतात. नऊजणी तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात येतात. तिला तिसऱ्या तुकडीत ठेवावे, अशी विनंती शिक्षकांना करा, म्हणजे तिला दोन तुकड्यांचा खेळ पाहायला मिळेल. ती वीस सेकंद टिकली, तर तिने संघासाठी वीस सेकंद मिळवले, असेच तिला सांगा. सात मिनिटांच्या पाळीत वीस सेकंद ही काही थोडी गोष्ट नव्हे.

एक सावधगिरी मात्र कडकपणे पाळा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले, महिला संघाचे नेतृत्व आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांनी केले आणि तेव्हापासून शाळांतील मुलींना या खेळाचे नव्याने आकर्षण वाटू लागले, याचा मला फार आनंद आहे. परंतु दूरदर्शनवर दिसणारा खेळ मॅटवरचा आहे. त्यात कोणत्याही दिशेला धावू शकणारा ‘वजीर’ असतो आणि खेळाडू हवेत सूर मारून गडी बाद करतात. शाळेच्या फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर सूर मारायचा नसतो, कोणी आग्रह केला तरी नाही. गुळगुळीत तळ झालेले जुने पांढरे कॅनव्हासचे बूटही बदला.

शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटा, परंतु तक्रार घेऊन जाऊ नका आणि मुलीसमोर बोलू नका. ‘तिला सूट द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘तिला मधला चौकोन आणि तिसरी तुकडी द्या, आम्ही घरी सराव घेत आहोत’ असे म्हणा. पालक काही मागण्याऐवजी काही करत असल्याचे दिसले, की आम्हा शिक्षकांचा सूर बदलतो, हे मी माझ्यावरूनच सांगते. सरावासाठी संघ पाडताना दोन कर्णधारांनी आळीपाळीने नावे घेण्याची पद्धत असेल, तर ती बंद करावी, अशी विनंतीही करा. मी स्वतः पहिली काही वर्षे ती पद्धत वापरली. एक मुलगा दर तासाला शेवटी उरत असे आणि दोन्ही कर्णधार ‘तू घे, तू घे’ म्हणत असत. वर्षाअखेरीस त्याने पी.टी.च्या दिवशी शाळेत येणेच सोडले. हजेरीपट भरताना माझ्या ते लक्षात आले, तेव्हा उशीर झाला होता. त्या मुलाची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. त्यानंतर मी संघ नेहमी घरून कागदावर लिहून आणत असे.

वर्गातील टोमण्यांविषयी तिला ‘दुर्लक्ष कर’ एवढेच सांगू नका, कारण ते तिला जमले असते तर पोट दुखले नसते. संघातील एखादी अनुभवी, समंजस मुलगी शोधा आणि तिला दोन रविवार घरी बोलवा; उपवन तलावाकाठी सकाळी जा किंवा पोडियमवरच खेळा. सरावाच्या निमित्ताने झालेली एक मैत्रीण चौकोनात शेजारी बसली, की बाकीच्या बोलण्याची धार बरीच बोथट होते.

आजींना माझ्या वतीने सांगा की त्यांच्या पिढीतील मुली लंगडी, फुगड्या आणि झिम्मा खेळत वाढल्या, तेव्हा त्यांच्या अंगाला धावण्याचीच सवय होती, फक्त त्याला कोणी खेळ म्हणत नसे. शक्य असेल तर त्यांनीच नातीला लंगडी शिकवावी. तोल सुधारण्यासाठी तिच्याहून चांगला व्यायाम मला २८ वर्षांत सापडला नाही आणि त्याला जिन्यासमोरची जागाही पुरते.

स्पर्धा संपल्यावर तिला खो-खो आवडलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; ती साठ मिनिटे पोहण्याने, सायकलने, नाचाने किंवा येऊरच्या रस्त्यावर भराभर चालण्यानेही भरतात. निवड तिची असू द्या. पण ती निवड यंदाची स्पर्धा खेळून झाल्यावर करू द्या, म्हणजे तिने खो-खो सोडला असे होईल, खो-खोने तिला हाकलले असे होणार नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी पोटभर जेवण नको. दोन तास आधी पोहे किंवा उपमा, सोबत एखादे केळे आणि पाणी पुरे. पालकांना पाहायला येऊ देत असतील तर आपण आणि तिचे वडील दोघेही जा. ती पळायला उतरेल तेव्हा हवे तितके ओरडा. मात्र ती चौकोनात बसलेली असताना तिचे नाव घेऊन हाक मारू नका, ‘खो’ हा शब्द तर मुळीच उच्चारू नका आणि शेजारच्या पालकांनाही तसे सांगा. त्या वेळी तिला पाठीवरचा हात आणि आपल्या शेजारणीचा आवाज, एवढेच ऐकू आले पाहिजे.